उन्हाचा माग (लेखांक ४) : लाकूड, कोळसा आणि सिलिंडर

गेल्या लेखांकात आपण कोयनेचं पाणी पाहिलं. समुद्राच्या पाण्याची वाफ करून ते सह्याद्रीवर चढवतं ते ऊन, आणि पोफळीची जनित्रं फिरतात ती त्याच पाण्याच्या उतरण्यावर. तिथे माग उघड होता. जळणात तो लपलेला असतो, म्हणून आज चुलीपाशी बसू.

बाभळीचं वाळलेलं लाकूड घ्या. ते जळून गेल्यावर उरते ती राख. मातीतून आलेला ऐवज जवळजवळ तेवढाच. बाकी सगळं हवा आणि पाणी. पान हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांनी पुरवलेलं पाणी उन्हाच्या जोरावर फोडतं, त्यातला ऑक्सिजन बाहेर सोडतं आणि हायड्रोजन कार्बनशी जोडतं. या दोघांकडे ऑक्सिजनची ओढ जबरदस्त. त्यांना वेगळं करायला जी ताकद लागते, ती ऊन पुरवतं. लाकूड पेटतं तेव्हा ऑक्सिजन पुन्हा त्यांना येऊन भिडतो आणि ती ऊर्जा आच नि उजेड होऊन बाहेर पडते.

म्हणून 'लाकडात ऊर्जा असते' हे वाक्य मला अपुरं वाटतं. ऊर्जा आहे ती लाकूड आणि हवा यांच्या ताटातुटीत. धुमसणारा ढलपा फुंकणीने फुंकला की भडकतो, कारण उन्हाने वेगळा केलेला दुसरा भागीदार आपण तेव्हा चुलीत ढकलत असतो.

गॅसचंही तेच. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. एक किलो गॅस पुरता जळायला साडेतीन किलोहून अधिक ऑक्सिजन लागतो. म्हणजे सिलिंडर संपेपर्यंत पन्नास किलोंच्या आसपास ऑक्सिजन स्वयंपाकघरातल्या हवेतून खर्च होतो! त्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून तो कुणी हिशेबात धरत नाही. बर्नरची भोकं बुजून हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी पडतात. ती काजळी म्हणजे ऑक्सिजन न मिळालेला कार्बन. खिडकी उघडी ठेवायची ती यासाठीही.

आता चंद्रपूरचा कोळसा. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवन भूखंडात होते. तिथल्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस नावाची, जिभेसारख्या पानांची झाडं वाढत. त्यांची पानं दगडांत उमटलेली आजही सापडतात. पडलेली झाडं पाण्याखाली गेली, हवा न मिळाल्याने पुरती कुजली नाहीत. कुजणं हेही संथ जळणंच. ते अर्ध्यावर थांबलं. वर गाळ साचत गेला, दाब आणि उष्णतेने लाकडातला बराचसा ऑक्सिजन निघून गेला. लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा ऑक्सिजनच असतो, म्हणजे ते आधीच काही अंशी जळाल्यासारखं. कोळशात तो कमी, गॅसमध्ये नाहीच. किलोला किलो लावून पाहिलं तर आच याच क्रमाने वाढत जाते.

खनिज तेल आणि त्यासोबतचा गॅस जुन्या समुद्रांतल्या सूक्ष्म प्लवकांपासून बनला. त्यांनीही ऊनच साठवलं होतं. गोबरगॅसचा माग तर फार जवळचा : बैलाने खाल्लेल्या कडब्यातलं गेल्या हंगामाचं ऊन.

पण तारापूरच्या अणुभट्टीत हा माग तुटतो. तिथल्या युरेनियमशी आपल्या सूर्याचा संबंध नाही. ते सूर्य जन्मण्याआधीच तयार झालेलं आहे. कुठे आणि कसं, ते पुढच्या आठवड्यात.