खोटा सर्व्हर, खरी सही

एखाद्या ॲपवर ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबलं की ते ॲप आपल्याला पासवर्ड विचारत नाही. ते ब्राउझरला दुसऱ्याच पत्त्यावर धाडतं. ओळख पटवायची ती तिथे. ॲपच्या हाती येतं फक्त एक टोकन. हे टोकन देणारा तो ऑथरायझेशन सर्व्हर. त्यामागे अवाढव्य यंत्रणा असते हे खरंच. पण तिचा गाभा एवढासा आहे, की शे-दीडशे ओळींच्या प्रोग्राममध्ये, आपल्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद असतानाही तो उभा करता येतो. आणि ॲपला फरक कळत नाही! मला याचं अजूनही नवल वाटतं.

या देवाणघेवाणीचे नियम ओऑथ २.० या नावाने ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाची ओळख सांगणारा ओपनआयडी कनेक्ट हा थर २०१४ मध्ये त्यावर चढला. चाचणीपुरत्या सर्व्हरला त्यातले चारच पत्ते पुरतात. पहिल्यावर ब्राउझर येतो. खरा सर्व्हर तिथे पासवर्ड मागतो. आपला काहीच न विचारता, ठरवून ठेवलेल्या वापरकर्त्याच्या नावाने एक कोड देऊन त्याला परत पाठवतो. हा कोड म्हणजे उपाहारगृहाच्या गल्ल्यावर मिळणारं कूपन. ते दुसऱ्या खिडकीवर दिलं की डोसा मिळतो, आणि एकदाच मिळतो. इथली खिडकी म्हणजे दुसरा पत्ता: ॲपचा सर्व्हर तिथे कोड देतो आणि टोकन घेतो. हा वळसा कशाला? कोड ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जातो. टोकन मात्र त्या वाटेने जातच नाही.

खरी गंमत टोकनच्या सहीत आहे. आपला सर्व्हर सुरू होताना किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. २०४८ बिटांची आरएसए किल्ली म्हणजे तब्बल ६१७ आकडी संख्या. साधा लॅपटॉपही ती चटकन घडवतो. खासगी किल्लीने टोकनवर सही करायची, सार्वजनिक किल्ली तिसऱ्या पत्त्यावर उघडी ठेवायची. ॲप ती घेतं, सही ताडून पाहतं आणि समाधान पावतं. गणिताच्या दृष्टीने ही सही गूगलच्या सहीइतकीच अस्सल आहे. मग विश्वास नेमका कशावर टेकलेला असतो? ॲपच्या सेटिंगमध्ये लिहिलेल्या ‘इश्युअर’ नावाच्या एका पत्त्यावर. चौथ्या पत्त्यावरचं, बाकीचे पत्ते सांगणारं माहितीपत्रक आणि टोकन, दोन्हींत हाच इश्युअर अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. शेवटची एक तिरकी रेघ जास्त झाली तरी टोकन नाकारलं जातं. ॲप डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच पण त्यापासून वेगळ्या ठेवलेल्या ‘कंटेनर’मध्ये, चालवणाऱ्यांची इथे फार दमछाक होते: ब्राउझरच्या दृष्टीने ‘लोकलहोस्ट’ म्हणजे आपला लॅपटॉप, पण कंटेनरच्या दृष्टीने तो कंटेनर स्वतःच. पत्ता एकच, पोचतो दोन वेगळ्या ठिकाणी. दोघांनाही सारखंच दिसेल असं एक नाव ठरवलं की प्रश्न सुटतो.

एवढा खटाटोप करायचा तो खऱ्या सर्व्हरकडून कधीच न मिळणाऱ्या गोष्टींसाठी. मुदत संपलेलं टोकन हवंय? १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत मुदत लिहिलेली असते. मागची वेळ घातली की झालं, तासभर वाट पाहायला नको. दुसऱ्याच ॲपसाठी काढलेलं टोकन, सहीतलं एक अक्षर बदललेलं टोकन, सहीच नसलेलं टोकन, सगळं मागाल तेव्हा मिळतं. चाचणीच्या वापरकर्त्याचं नाव देवनागरीत जरूर ठेवा. ‘ज्ञानदा’ या छोट्याशा नावाला यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट लागतात, आणि टोकन घाईघाईने उलगडणारं ॲप त्या जागी अगम्य चिन्हांची रांग दाखवतं. ‘John’ नाव ठेवलं असतं तर हा दोष मराठी माणसाच्या लॉगइनपर्यंत लपूनच राहिला असता.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर तयार साधनंही आहेत. नॉर्वेच्या नाव्ह या सरकारी कल्याण खात्याने आपल्या चाचण्यांसाठी कोटलिनमध्ये लिहिलेला असा सर्व्हर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तरी एकदा तो आपल्या हाताने लिहावा असं माझं मत आहे. लॉगइन म्हणजे काय हे त्यातून जितकं लख्ख कळतं तितकं वाचून कळत नाही.

फक्त दोन गोष्टी पाळा. हा सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यापुरताच ऐकेल असं पाहा, आणि त्याचा इश्युअर खऱ्या वापरातल्या सेटिंगमध्ये कधीही जाऊ देऊ नका; गेला तर कोणीही कोणाच्याही नावाने आत शिरेल. सर्व्हर तयार झाला की सर्वांत आधी मुदत संपलेलं टोकन देऊन पाहा. घड्याळांतल्या फरकासाठी अनेक लायब्ररी काही मिनिटांची सूट देतात, म्हणून मुदत तासाभरापूर्वीची घाला. ॲपने ते टोकन स्वीकारलं, तर बाकी सारं बाजूला ठेवून आधी तेच दुरुस्त करा.