चरांची परीक्षा विहिरीत

जलसंधारणाचं काम संपलं की सरकारी दफ्तरात त्याचा हिशेब लगेच मिटतो. चर किती मीटर खणले, बांधावर किती घनमीटर माती पडली, हे मापन पुस्तिकेत चढतं, बिल निघतं, फलक लागतो. मग पाऊस येतो, आणि काम कसं झालं ते पाहायला तिथं कुणी नसतं.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार इथं वेगळं ठरतं. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, नव्वदच्या दशकात गावानं आदर्श गाव योजनेत श्रमदानाची जोड देऊन डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, ओघळींवर बांध घातले. ती कामं कधीच पुरी झाली. तरी २००४ पासून दरवर्षी पावसाळा सरला की त्यांची झडती होते. गाव तिला पाण्याचा ताळेबंद म्हणतं.

हिशेब जमेपासून सुरू होतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी मिळतं. गावाचं क्षेत्र साधारण ९७६ हेक्टर. म्हणजे शंभर मिलिमीटरला जवळजवळ ९८ कोटी लिटर! आकडा ऐकून हुरळायचं कारण नाही. बरंचसं उन्हानं उडतं, काही ओढ्यानं जातं, काही मातीची ओल होऊन राहतं. उरलेलं जमिनीत किती मुरलं, हे निरीक्षण विहिरी सांगतात. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, पावसाळ्याआधीच्या नोंदीशी ताडून पाहायचं. चर गाळानं भरले असतील तर तेही इथंच उघडं पडतं, कारण पाऊस बरा होऊनही विहीर वर येत नाही.

खर्चाची बाजू खरी नाजूक. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी वजा होतं, उरेल ते शेतीला. ऊस-केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला गावात बंदीच आहे, त्यामुळे वाद उरतो रब्बीचा: कुणी किती क्षेत्र भिजवायचं. पाऊस कमी झाला असेल तर ग्रामसभा जास्त पाण्याच्या पिकांबाबत हात आखडता घ्यायला सांगते. स्वतःच्या विहिरीत पाणी दिसत असताना हे ऐकणं सोपं नाही. मला तरी चर खणण्यापेक्षा हेच अवघड श्रमदान वाटतं.

इतर गावांनी हा ताळेबंद उचलायचा तर पहिली अडचण साधी आहे. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक एका ठिकाणी, आणि त्याचा आकडा लागू भोवतीच्या अनेक गावांना. नगरकडे शिवार ओलांडलं की पाऊस बदलतो. पर्जन्यमापक गावातच हवं, आणि रोज सकाळी ते वाचून वहीत लिहिणारं कुणीतरी हवं.