नव्या मशीनवरचं बिल्ड जुन्या मशीनवर का अडतं?

उबंटू २२.०४ वर सी भाषेतला चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, स्क्रीनवर फक्त नमस्कार छापणारा. कंपाइल करून तयार झालेली फाइल उबंटू २०.०४ च्या मशीनवर नेली, तर ती चालायलाच नकार देते. ‘जीलिबसी २.३४ ही आवृत्ती सापडली नाही’ अशा अर्थाचा एक संदेश येतो आणि काम तिथेच संपतं. असा अनुभव आला की दोन निष्कर्ष हमखास निघतात. जुन्या मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय, हा पहिला. लिनक्समध्ये बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी नावाची गोष्टच नाही, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत.

जीलिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅम्सच्या पायाशी असलेली लायब्ररी. तिने दिलेलं वचन एकाच दिशेचं आहे: जुन्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालेल. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेल, असं तिने कधीच म्हटलेलं नाही. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो आणि लिंक करताना बिल्ड मशीनवरचा सर्वांत ताजा शिक्का बायनरीत उमटतो. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. उबंटू २०.०४ वर आहे जीलिबसी २.३१. त्यामुळे प्रोग्रॅमने नवी कुठलीही सोय वापरली नसली, तरी त्याची सुरुवातच अडते. बायनरीवर ‘ऑब्जडंप -टी’ चालवून जीलिबसीच्या ओळी वेगळ्या काढल्या, की कोणतं फंक्शन कोणती आवृत्ती मागतंय ते लगेच दिसतं. तासन् तास सोर्स कोड चाळण्यापेक्षा ही एक कमांड अधिक सांगून जाते.

उपायही सरळ आहे. ज्या सर्वांत जुन्या प्रणालीला पाठिंबा द्यायचा, तिच्यावर किंवा तिच्या कंटेनरमध्ये बिल्ड करायचं. पायथॉनच्या जगाने हीच शिस्त नियम म्हणून स्वीकारली. ‘मेनीलिनक्स२०१४’ हा शिक्का असलेली पॅकेजेस सेंटओएस ७ च्या, म्हणजे जीलिबसी २.१७ च्या पातळीला धरून बांधलेली असतात. म्हणूनच ‘पिप इन्स्टॉल’ म्हटल्यावर तीच फाइल कितीतरी वेगवेगळ्या लिनक्सवर मुकाट्याने बसते.

हे शिक्के कशासाठी, याचं उत्तर २०१० मधल्या एका प्रसंगात सापडतं. फेडोरा १४ आलं आणि ६४ बिटच्या फ्लॅश प्लेयरमधून आवाज फाटका येऊ लागला. मेमकॉपी हे फंक्शन मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेतं. दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर ते वापरू नये, असं सी भाषेचं प्रमाण स्पष्ट सांगतं. फ्लॅशने नेमकं तेच केलं होतं आणि जुन्या मेमकॉपीत ते खपून जात होतं. नव्या, वेगवान मेमकॉपीने कॉपी करण्याचा क्रम बदलला आणि चूक उघडी पडली. दोष कुणाचा यावर बराच वाद झाला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्याची बाजू घेतली: चालणारी गोष्ट बंद पडली, हेच त्याला दिसतं. पुढे २.१४ मध्ये तोडगा निघाला. जुन्या बायनरींना सुरक्षित, जुनी वागणूक मिळाली आणि नव्याने बांधलेल्यांना नवं मेमकॉपी. जुनं सॉफ्टवेअर पुढे चालत राहतं ते आपोआप नव्हे. कुणीतरी बसून अशी डागडुजी केलेली असते, आणि या मेहनतीचं मोल फारसं कुणी जाणत नाही.

जावाबद्दलचा गैरसमज आणखी चिवट आहे. एकदा लिहा, कुठेही चालवा, या घोषवाक्यावर ती भाषा वाढली. त्यामुळे जावाच्या नव्या विकास-संचावर, म्हणजे जेडीकेवर, टार्गेट ८ दिलं, की तयार फाइल जावा ८ वर चालणारच, असं गृहीत धरलं जातं. टार्गेट फक्त बाइटकोडची आवृत्ती ठरवतं. कोणत्या लायब्ररीशी पडताळून कंपाइल करायचं, हे ते ठरवत नाही. बाइटबफरच्या ‘फ्लिप’ या मेथडचं उदाहरण घ्या. जावा ८ मध्ये ती ‘बफर’ परत करते, तर जावा ९ पासून ‘बाइटबफर’. कोडची ओळ तीच, पण जेडीके ११ वर कंपाइल केलेली फाइल जावा ८ वर ‘असली मेथडच नाही’ म्हणून कोसळते, तीही ती ओळ प्रत्यक्ष चालायची वेळ आल्यावर. यासाठीच जेडीके ९ मध्ये ‘रिलीज’ हा पर्याय आला. तो भाषा, बाइटकोड आणि लायब्ररी तिन्ही एकत्र बांधतो. आजही बिल्ड फाइलींमध्ये जुनी सोर्स-टार्गेटची जोडी दिसली, तर ती बदलून टाकावी.

‘सगळीकडे कंपाइल झालं, म्हणजे सगळीकडे चालणार’ हीही एक लाडकी समजूत. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर ‘लाँग’ आठ बाइटचा असतो, ६४ बिट विंडोजवर चारच बाइटचा. इंटेलवर साधा ‘कॅर’ ऋण किंमत धरू शकतो, एआरएम लिनक्सवर नाही. फाइल संपल्याची खूण असते उणे एक. कुणी वाचलेलं अक्षर ‘कॅर’मध्ये ठेवून त्या खुणेशी ताडलं, तर इंटेलवर लूप थांबतो आणि एआरएमवर चालणाऱ्या रास्पबेरी पायवर अनंतकाळ फिरत राहतो. ॲपलने मात्र आपल्या एआरएमवर इंटेलसारखीच वागणूक ठेवली आहे. त्यामुळे एम-१ मॅकवर चाचणी झाली म्हणजे एआरएमची चाचणी झाली, असंही म्हणता येत नाही.

बिल्ड अडलं तर निदान कळतं तरी. न अडता चुकीचं झालेलं बिल्ड जास्त घातक. कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून मशीनवर काय काय आहे ते तपासतात. जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीने २०२४ मध्ये, घोषित न केलेलं फंक्शन वापरणं ही थेट चूक ठरवली. त्याआधी नुसती सूचना मिळायची. काही जुन्या तपासण्यांत हेडर जोडायचं राहून गेलेलं होतं. त्या आता नापास होतात, स्क्रिप्ट समजते की ही सोय मशीनवर नाहीच, आणि बिल्ड यशस्वी दाखवून ती सोय वगळून टाकते. अशा वेळी ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडून पाहण्याला पर्याय नाही.

सीमेक या बिल्ड साधनात किमान आवृत्तीचा आकडा जितका जुना तितकं बरं, असं मानणाऱ्यांना २०२५ मध्ये धक्का बसला. सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या वागणुकीचा आधार काढून घेतला आणि २.८ लिहिलेले असंख्य प्रकल्प पहिल्याच पायरीवर थांबले. दुसऱ्याचा कोड बिल्ड करायचा असेल, तर पॉलिसीची किमान आवृत्ती कमांडवरून ३.५ देऊन वेळ निभावते. स्वतःच्या प्रकल्पात मात्र आकड्यांची कक्षा द्यावी, उदाहरणार्थ ३.५ ते ३.३०. तो आकडा म्हणजे प्रकल्प कोणत्या नियमांना धरून लिहिला आहे, याचं निवेदन असतं.

शेवटचा गैरसमज मराठी वापरकर्त्यांच्या थेट वाट्याला येतो. फोल्डरला देवनागरी नाव दिल्यामुळे सॉफ्टवेअर बंद पडलं, की ‘नावं इंग्रजीतच द्या’ असा सल्ला मिळतो, जणू चूक नाव देणाऱ्याची. विंडोजच्या जुन्या कोडपेज पद्धतीत देवनागरीला स्थानच नव्हतं. त्या जुन्या फंक्शनांमधून ‘प्रकल्प’ हे फोल्डरचं नाव गेलं, की सात प्रश्नचिन्हं उरतात, आणि प्रश्नचिन्ह विंडोजवर फाइलच्या नावात चालतच नाही. साहजिकच फाइल सापडत नाही. युनिकोड फंक्शनं विंडोज एनटीपासून आहेत. मे २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून तर प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये एक नोंद करून जुन्या फंक्शनांनाही यूटीएफ-८ वर आणता येतं. तेव्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी चाचण्यांच्या यादीत देवनागरी नावाच्या फोल्डरमधून बिल्ड करून पाहण्याची एक चाचणी जरूर घालावी.