जावा घरी दुरुस्त करताना: आधी ठिणगी, मग पेट्रोल

छत्रपती संभाजीनगरात दुचाकीचा विषय निघाला की बजाजचं नाव येणारच. वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथ, ग्राइंडिंग, बोअरिंगची छोटी-मोठी वर्कशॉप वाढत गेली. जुनी युरोपियन मोटारसायकल बाळगणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. घरी जमण्यासारखं काम घरी करायचं, आणि मशीनशिवाय होणार नाही ते गावातच करून घ्यायचं. इथे मी जावाबद्दल लिहितो आहे, कारण आपल्याकडे घरच्या अंगणात खरोखर दुरुस्त होणारी युरोपियन गाडी म्हणजे तीच.

मूळची ही कंपनी चेकोस्लोव्हाकियाची, 1929 मध्ये प्रागला सुरू झालेली. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ काढली. तिथे 1961 पासून 250 सीसीच्या जावा बनू लागल्या, 1973 पासून येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे या कारखान्यातून निघालेली शेवटची गाडीही आता तिशीच्या घरात आहे. अशा गाडीला नियमित लक्ष हवंच, पण तिच्यात भीती वाटावी असं फार काही नाही. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक; व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंपही नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण पुरवतं.

गाडी नीट चालत नसली की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. स्क्रू फिरव, जेट काढ, फुंक मार. माझ्या मते हाच क्रम उलटा आहे. इग्निशन जागेवर नसताना कार्बोरेटर कितीही लावला तरी तो लागत नाही. उलट एका दोषावर दुसऱ्या दोषाचं पांघरूण पडतं आणि मग दोन्ही सापडत नाहीत.

म्हणून सुरुवात बॅटरीपासून. जुन्या जावाला 6 व्होल्टची बॅटरी असते आणि ठिणगी त्या बॅटरीवरच, कॉइलमधून, तयार होते. बॅटरी बसलेली असेल तर कितीही किका मारा, प्लग पेटणार नाही. मल्टिमीटरने व्होल्टेज बघायचं, टर्मिनल घासून घ्यायचे आणि चासीला जाणारी अर्थची वायर रंग खरवडून कोऱ्या लोखंडावर घट्ट बसवायची. रिस्टोअर केलेल्या देखण्या गाड्यांत हा दोष हमखास सापडतो: नव्या रंगाच्या थराखाली अर्थच मिळत नाही.

मग उजवीकडचं कव्हर उघडायचं. आत डायनामो आणि पॉइंट दिसतात. पॉइंटची दोन्ही तोंडं जळून खडबडीत झाली असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून पेट्रोलने पुसायची. खड्डा खोल असेल तर नवा सेट टाकणंच बरं. यानंतरचं काम सावकाश करायचं.

गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबा. फिलर गेजची पाती आत सरकवा. गॅप 0.3 ते 0.4 मिमी हवा. पाती किंचित घासत जावी, सैल पडू नये आणि ढकलावीही लागू नये. आधी गॅप, टायमिंग त्यानंतरच, कारण गॅप बदलला की पॉइंट उघडण्याची वेळही बदलते.

आता प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा खुणा केलेली काडी सोडून पिस्टन सगळ्यात वर कुठे येतो ते शोधायचं. तिथून इंजिन उलट दिशेने इतकं फिरवायचं, की पिस्टन 3 ते 3.5 मिमी खाली येईल. जुन्या 250 जावाचा आकडा हा. आपल्या मॉडेलच्या पुस्तकात वेगळा असेल तर तो धरायचा. नेमक्या याच जागी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. ते डोळ्याने कळत नाही. 6 व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, त्याची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला लावा, चावी ऑन करा. पॉइंट मिटलेले असतात तोवर बल्ब विझलेला. उघडले की पेटतो. पॉइंटच्या प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट केसभर इकडे-तिकडे सरकवायची, बल्ब ठरलेल्या मापावर बरोबर पेटेल तिथे स्क्रू आवळायचे, आणि आवळल्यावर पुन्हा तपासायचं. आवळताना प्लेट हटते, म्हणून ही शेवटची तपासणी टाळू नये.

थंड गाडी झकास सुरू होते, दहाएक किलोमीटरवर बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालते, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर संशय पक्का. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात हा रोग लवकर उघडा पडतो.

ठिणगी जमली की पेट्रोल. 1:25 चं मिश्रण, म्हणजे लिटरमागे 40 मिली टू-टी ऑइल, आणि तेही अंदाजाने ओतायचं नाही, मापाने घ्यायचं. हल्लीच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि कॉकचे वॉशर फुगवतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करावी, नळी इथेनॉल सोसणारी टाकावी. इथेनॉलने हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळही होतं, त्यामुळे मेन जेट एक नंबर मोठा लागू शकतो. लागतो की नाही ते प्लग सांगतो. पहाटे दौलताबादच्या घाटात, रस्ता मोकळा असताना, चढावर थ्रॉटल पूर्ण द्यायचा, मग एकदम क्लच दाबून चावी बंद करायची, गाडी कडेला घेऊन प्लग काढायचा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे आणि पिस्टन धरण्याचा धोका आहे. काळा-ओला असेल तर जाड.

जेट बदलूनही प्लग पांढराच राहिला आणि थ्रॉटल सोडल्यावर इंजिन उगाच भरधाव फिरत राहिलं, तर डायनामोच्या बाजूचं क्रँक सील हवा खात असणार. पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच पंपाचं काम करते, म्हणून ही दोन रबरी कडी इंजिनच्या दमाशी थेट बांधलेली आहेत.

ओढ कमी झाली असेल तर सायलेन्सरच्या नळ्या बाहेर काढून कार्बन खरवडायचा, हेड उतरवून पिस्टनचं डोकं आणि एक्झॉस्टची तोंडं तांब्याच्या किंवा लाकडाच्या पट्टीने साफ करायची. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात. गाडी धुण्याऐवजी डिझेल आणि ब्रशने पुसावी. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या शहरात हे परवडतंही, आणि डायनामोत पाणी जात नाही.

सिलिंडर झिजला किंवा कनेक्टिंग रॉड वाजू लागला की घरचं काम संपलं. क्रँक दाबून उघडणं आणि पुन्हा सरळ रेषेत बसवणं प्रेस आणि डायल गेजवाल्याचंच काम. बोअर करायला देताना नवा ओव्हरसाइज पिस्टन सोबत न्यावा. नुसता आकडा सांगू नये. बोअरिंगवाल्याने तो पिस्टन प्रत्यक्ष मोजून सिलिंडर त्याच्या मापाने कापला पाहिजे. गाडी जोडल्यावर पहिले काही शे किलोमीटर 1:20, म्हणजे लिटरला 50 मिली ऑइल, थ्रॉटल अर्ध्याच्या आत आणि सतत एका वेगात नाही. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं आणि हेडचे नट तिरके, समोरासमोरचे, एकेक करून पुन्हा आवळावेत.