रोमन सुवर्णनाणी : ओळख आणि पारख

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै हे ब्रिटिश अमदानीत एक संस्थान होते. त्याच्या हद्दीत १८९८ साली ५०१ रोमन सुवर्णनाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ-दशांशांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव घातलेला होता. असे घाव का घातले, याविषयी विद्वानांत एकमत नाही. नाणे चलनातून बाद करण्यासाठी, आत हलका धातू नाही ना हे पाहण्यासाठी, की परक्या राजाची मुद्रा नको म्हणून, असे निरनिराळे तर्क केले जातात. एरवी नाण्यांच्या बाजारात घाव पडलेले नाणे सदोष ठरते. भारतात मात्र तोच घाव नाण्याच्या अस्सलपणाच्या बाजूने साक्ष देऊ शकतो. भारतात सापडणाऱ्या रोमन नाण्यांची पारख इतर देशांहून थोडी निराळी का, याचे मर्म येथेच आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिरी, मोती, रत्ने आणि तलम वस्त्रे यांच्या मोबदल्यात रोमन सोने-चांदी भारतात येत असे. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली आहे. त्याचा आकडा कितपत काटेकोर होता हा प्रश्न वेगळा. पण तामिळनाडू, केरळ, आंध्र, तेलंगण आणि कर्नाटक येथे सापडलेले साठे या व्यापाराची ग्वाही देतात. केरळमध्ये परवूरजवळ वळ्ळुवळ्ळी येथे १९८३ साली अडीचशेवर सुवर्णनाणी मिळाली. सापडलेल्या नाण्यांपैकी किती आजवर मुशीत वितळली, याची मोजदाद अर्थातच कोणाकडेही नाही.

तीन प्रकारचे ‘रोमन’ नाणे

भारतात हाती आलेले रोमन घडणीचे सोन्याचे नाणे तीनपैकी एका प्रकारचे असते. पहिला प्रकार म्हणजे रोमन टांकसाळीत पाडलेले मूळ नाणे. दुसरा म्हणजे त्याची प्राचीन काळीच भारतात केलेली नक्कल. तिसरा म्हणजे आधुनिक बनावट. यांपैकी दुसऱ्या प्रकारावर फार अन्याय होतो. अशा नाण्यावरील लॅटिन अक्षरे अर्थहीन, उलटी किंवा नुसत्या रेघांसारखी असतात; चेहरा भारतीय वळणाचा होतो. सम्राटाच्या मस्तकावर बहुधा दोन छिद्रे पाडलेली असतात, कारण नाणे दागिना म्हणून गळ्यात घातले जाई. अक्षरे चुकलेली पाहून अननुभवी माणूस ते ‘खोटे’ ठरवतो आणि सोनाराकडे मोडीत देतो. वस्तुतः ते अस्सल पुराणवस्तूच असते. कर्नाटकातील अक्कीआलूर येथील साठ्यात रोमन नाणी आणि अशा नकला एकत्र आढळल्या आहेत. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथे तर रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीची पदके बनवली गेली. रोमन नाणे हे त्या काळी चलन होते, तसेच मिरवण्याची वस्तूही होते.

वजन, लेख आणि घडण

पारखीचा आरंभ तराजूने करावा. ‘ऑरियस’ हे रोमन सुवर्णनाणे ऑगस्टसच्या काळी सुमारे ७.८ ग्रॅमचे, म्हणजे तोळ्याच्या दोन-तृतीयांश भरत असे. नीरोने इ. स. ६४ मध्ये ते सुमारे ७.३ ग्रॅमवर आणले, तर काराकल्लाने २१५ मध्ये ६.५ ग्रॅमच्या आसपास. चौथ्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टन्टाईनने ‘सॉलिडस’ हे सुमारे साडेचार ग्रॅमचे नाणे सुरू केले. मुद्रा टायबेरियसची आणि वजन साडेसहा ग्रॅम, असे फारसे न झिजलेले नाणे दिसले की तपासणाऱ्याने तेथेच थांबावे. ऑरियसचे सोने जवळजवळ शुद्ध असते. शुद्ध सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ असते; दागिन्याच्या २२ कॅरट सोन्याचे ते १८च्याही खाली येते. नाणे हवेत आणि पाण्यात तोलून हा फरक कळतो आणि त्याला ओरखडाही पडत नाही. वरून सोन्याचा पत्रा आणि आत तांबे, अशी लबाडी रोमन काळातही होत असे. तीही याच परीक्षेत उघडी पडते.

त्यानंतर लेख वाचावा. रोमन लेखात सम्राटाची पदे संक्षिप्त रूपात येतात आणि त्यांवरून काळ ठरतो. उदाहरणार्थ, ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला १०३ साली आणि सहाव्यांदा ११२ साली. तेव्हा ‘पाचव्यांदा कॉन्सल’ असे लिहिलेले त्याचे नाणे या दोन वर्षांच्या दरम्यानचे. पुढच्या बाजूचा लेख एका वर्षाचा आणि मागचे चित्र दुसऱ्याच कारकिर्दीचे असेल, तर संशयाला जागा आहे.

रोमन नाणे ओतीव नसे. सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत. त्यामुळे धातू मध्यापासून कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेषा भिंगाखाली दिसतात. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर सूक्ष्म खड्डे, बोथट अक्षरे आणि कधी कडेला सांध्याची रेघ आढळते. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी तंतोतंत सारखी नसतात. म्हणून दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर त्यांतील एक तरी निश्चितपणे बनावट असते, आणि बहुधा दोन्ही.

झीज फसवते

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर हा कुशल नकलाकार होऊन गेला. ठसे तो स्वतः कोरी आणि कधीकधी स्वस्तातली अस्सल प्राचीन नाणीच त्या ठशांखाली पुन्हा ठोकी. सोने प्राचीन, घडण हाताची! मग नाणी लोखंडाच्या किसात घालून तो ती पेटी घोडागाडीला बांधत असे, म्हणजे प्रवासाच्या धक्क्यांनी त्यांची झीज होई, असे सांगतात.

रोमानियातील ट्रान्सिल्व्हेनियात १७१३ साली मिळालेल्या स्पॉन्सियन नावाच्या नाण्यांचा वादही असाच आहे. ओतीव घडण आणि अशुद्ध लेख यांमुळे ती एकोणिसाव्या शतकापासून बनावट मानली गेली. २०२२ साली ब्रिटिश संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखालील झीज आणि मातीचे थर दाखवून ती अस्सल असल्याचे प्रतिपादन केले. अनेक नाणेतज्ज्ञांना ते पटलेले नाही. झीज आणि माती दोन्ही घडवून आणता येतात, असे त्यांचे म्हणणे. सोने गंजत नसल्याने त्याच्या पृष्ठभागावरून वय सांगणे मुळातच कठीण.

म्हणूनच नाणे कोठे, कशात आणि कशासोबत सापडले ही माहिती प्रयोगशाळेइतकीच मोलाची ठरते. ती खोटी असेल तर अस्सल नाणेही अडचणीत येते. सीझरच्या वधाचे स्मारक म्हणून ब्रूटसने पाडलेले एक सुवर्णनाणे २०२० साली लंडनच्या लिलावात तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. पुढे त्याच्या मालकीच्या इतिहासाची कागदपत्रे खोटी असल्याचे उघड झाले आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील अधिकाऱ्यांनी ते ग्रीसच्या स्वाधीन केले.

नाणे सापडल्यास

नाणी सापडली तर ती घासू-धुऊ नयेत. ज्या भांड्यात मिळाली ते भांडे, त्याचे तुकडेसुद्धा, जपून ठेवावेत आणि जागेची नोंद करावी. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. केरळ आणि कर्नाटक या राज्यांचे यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्याने अशी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

वर्दी दिली तर सर्वच हातचे जाते, ही भीती सार्वत्रिक आहे आणि तिच्यापोटीच पुष्कळ नाणी मुशीत जातात. कायदा तसे म्हणत नाही. ठेवा बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर १८७८ च्या कायद्याने त्याचा तीन-चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा असतो. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश इतकी जादा रक्कम हक्कदारांना द्यावी लागते. वर्दी दडवली, तर मात्र हा वाटा सरकारजमा होतो.