डोळे का शिणतात?

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत 1985 साली बजाजचा वाहन-कारखाना सुरू झाला आणि भोवती सुटे भाग बनविणारे अनेक छोटे कारखाने उभे राहिले. समजा, अशाच एका कारखान्यात वीस वर्षांचा तरुण दिवसभर सुटे भाग मायक्रोमीटरने मोजतो आणि पाळी सुटल्यावर मोबाईल पाहत बसतो. रात्री त्याचे डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, दूरचे धूसर दिसते. आपले डोळे झिजले की काय, अशी त्याला धास्ती वाटते. ती खरी आहे का?

कॅमेऱ्यात भिंग पुढेमागे सरकते. डोळ्यात मात्र भिंगाचा आकारच बदलतो. भिंगाभोवती स्नायूंचे कडे असते. ते सैल असता भिंग चपटे राहते व दूरचे स्पष्ट दिसते. जवळ पाहताना कडे आकसते आणि भिंग फुगते. हे जादा काम मोजणे सोपे आहे: 1 ला मीटरमधील अंतराने भागा. 6 मीटरवरील झाडासाठी 1/6 डायॉप्टर, तर 25 सेंटिमीटरवरील अक्षरांसाठी 4 डायॉप्टर, म्हणजे 24 पट!

विसाव्या वर्षी डोळ्याची ऐपत सुमारे 10 डायॉप्टर असते. मग 4 डायॉप्टर जड का जावेत? भरलेली बादली उचलणे कठीण नसते. तासभर धरून ठेवणे कठीण असते. शिवाय टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात.

तेव्हा डोळे झिजलेले नसतात, थकलेले असतात. दर वीस मिनिटांनी थोडा वेळ दूर पाहिले, की स्नायूंचे कडे सैलावते. पापण्याही मुद्दाम मिटाव्यात.

पण एक सावधगिरी हवी. पुरेशा विश्रांतीनंतरही फळ्यावरची अक्षरे किंवा बसची पाटी धूसर दिसली, तर तो नुसता शीण नव्हे. बहुधा नेत्रगोल किंचित लांब झालेला असतो; ही ऱ्हस्वदृष्टी होय. वाढत्या वयात सतत जवळचे काम आणि उघड्यावर कमी वावर यांमुळे तिचा संभव वाढतो. ती विश्रांतीने जात नाही. तेथे डोळे तपासून चष्माच घ्यावा लागतो. चष्म्याने डोळे बिघडतात, हा निव्वळ गैरसमज आहे.

आता एक प्रयोग करा. एक डोळा झाकून छापील मजकूर हळूहळू जवळ आणा. अक्षरे पुसट होऊ लागताच अंतर मोजा. तुमचे उत्तर 10 सेंटिमीटरच्या आसपास येईल, माझे येते 30 च्या! चष्म्याला 'चाळिशी' हे नाव उगाच पडलेले नाही.