शेळ्यांसाठी फिरता निवारा कसा निवडाल?

शेत नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतं. शेळी मात्र बाईची. मुलीची फी असो की घरातलं आजारपण, अडीनडीला तीच उपयोगी पडते. म्हणूनच मैत्रिणींनो, शेळीच्या डोक्यावर छप्पर कसलं घालायचं, हे आपणच ठरवलेलं बरं.

आमच्याकडे चार शेळ्या आहेत. शेत शहादा तालुक्यात, घरापासून लांब. पिकं निघाली की शेळ्या दिवसभर शेतात असतात. तिथे पक्का गोठा बांधावा तर जागा अडते. शिवाय रोज एकाच ठिकाणी शेळ्या बसल्या की लेंड्या-मुतानं ओल धरते, गोचीड-पिसवा वाढतात. म्हणून जाऊबाईंनी आणि मी हलवता येईल असा निवारा करायचं ठरवलं. कल्पना काही नवी नाही. आपल्या धुळे-नंदुरबारकडचे ठेलारी मेंढपाळ जाळीची वाघर लावून शेताशेतांत मेंढ्या बसवत आले आहेत. मेंढ्यांना सुरक्षित जागा आणि शेतकऱ्याला आयतं खत!

आधी मापाचं बघू. एका मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट जागा लागते. म्हणजे चौघींना आठ बाय सहा फूट पुरतं. करडं असतील तर थोडं वाढवा. उंची पुढून सहा फूट, मागून साडेचार फूट ठेवा. पाणी निथळून जातं आणि झाडताना आपली कंबरही मोडत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. आम्ही लोखंडी पाइपचा तयार सांगाडा पाहिला. मजबूत होता, पण आम्हा दोघींना जागचा हलेना. चाकं लावून मिळतात, पण आपल्या काळ्या जमिनीत पाऊस पडल्यावर चाक रुतणारच. बांबूचा सांगाडा हलका, तो बघून सासूबाई म्हणाल्या, "वारा उना ते उडी जाई!" खरंच आहे, वळवाचा पाऊस वादळ घेऊनच येतो. शेवटी बांबूचाच घेतला, वर जाड ताडपत्री घातली आणि चारही कोपरे दोरानं लोखंडी खुंट्यांना आवळून बांधले.

पत्रा टिकाऊ असतो, पण उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला की त्याखाली भट्टी होते. पत्राच घातला असेल तर त्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या पसरा.

पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. म्हणून निवाऱ्याची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला ठेवा. सकाळचं कोवळं ऊनही आत येतं. थंडीत उत्तरेच्या बाजूला गोणपाट लावा. पण चारही बाजू बंद करू नका. हवा कोंडली की मुताचा उग्र वास साचतो आणि करडांना फुप्फुसाचा आजार जडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शहादा-तळोदा भागात उसात बिबट्या असतो. ताडपत्रीला तो दाद देत नाही. असा निवारा फक्त दिवसाचा. सांजावलं की शेळ्या घरी, वरूनसुद्धा बंद असलेल्या गोठ्यात आणायच्या. आमच्या शेजारणीची गाभण शेळी एका रात्रीत गेली. तिच्यासोबत दोन करडांची आशाही गेली. असं घडलंच तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, म्हणजे भरपाई मागता येते.

पावसाळ्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात आंत्रविषाराची लस टोचून घ्या आणि पीपीआरची राहिली असेल तर तीही विचारा. छप्पर कितीही चांगलं असलं तरी लसीचं काम ते करत नाही.

आणि हो, निवारा विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी दोघींनी मिळून उचलून बघा. जो दोघींना उचलत नाही, तो हलवायला रोज गडी शोधावा लागेल. मग तो कसला फिरता?